झाकलेला बोल्ट

यंदाही कापणी सुरू झाली. खालापूर तालुक्यातल्या शिळफाट्याहून रिक्षानं दहा मिनिटांवर आमची ही बैठ्या घरांची ओळ आहे, आणि ओळ संपते तिथून शेतं लागतात. अर्धी घरं शेतं असणाऱ्यांची, अर्धी माझ्यासारख्या बाहेरून येऊन राहिलेल्यांची. वर्षभर हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. नवरात्र बसून भात पिवळं पडलं की मात्र एका सकाळी तो दिसतो. आठ वाजता समोरच्या, शेजारच्या, कोपऱ्यावरच्या दारांना कड्या लागलेल्या असतात. रसायनीला कंपनीत जाणाऱ्यांनीसुद्धा रजा टाकलेली असते. विळे, पाण्याच्या बाटल्या, भाकरीचं गाठोडं घेऊन सगळे शेतावर. ओळीत उरते मी, दोन कुत्री आणि दोरीवर वाळणारे दुसऱ्यांचे कपडे.

कापलेल्या भाताचा वास गोडसर असतो, त्यात खालच्या ओल्या मातीचा थोडा आंबूसपणा. दुपारी तो वाऱ्याबरोबर घरात शिरतो आणि उशीच्या अभ्र्यापर्यंत जाऊन बसतो. लांबून झोडणीचे ठोके ऐकू येतात. कुणीतरी कुणाला हाक मारतं, कुणीतरी हसतं. आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत. मी खिडकीशी बसून ते शब्द लावायचा प्रयत्न करते. एकट्या माणसाला असले उद्योग सुचतात.

ज्या वर्षाविषयी मी लिहायला बसले आहे, त्या वर्षी आई श्रावणात गेली होती. मी लग्न केलं नाही. एकतीस वर्षं आयटीआयत फिटरचं काम शिकवलं, घरी येऊन आईचं केलं, आणि निवृत्तीनंतर दोन वर्षं फक्त आईचंच केलं. ती गेल्यावर घरात औषधांच्या वेळा राहिल्या नाहीत. सकाळी सातची गोळी नाही, अकराचं पातळ पेज नाही, चारचं इंजेक्शन नाही. मला वाटलं होतं मोकळं वाटेल. प्रत्यक्षात दिवस आटे गेलेल्या नटासारखा नुसता फिरायला लागला.

अशाच एका रिकाम्या सकाळी शेजारच्या अंगणातून ठोके आले. झोडणीचे नव्हते. लोखंडी हातोडा ॲल्युमिनियमवर पडत होता. हा आवाज मी झोपेतही ओळखीन. वर्गात कुणी असं केलं की मी खडू फेकून मारायची. पाच ठोके ऐकले, सहाव्याला उठले आणि चपला न घालताच कुंपणाशी गेले.

शेजारी अस्लम राहायचा. शिळफाट्याला त्याचं टायरचं दुकान. दोन वर्षांपूर्वी त्याची आई वारली, तेव्हा त्यानं वडिलांना खाडीकाठच्या गावातून इथं आणलं होतं. इब्राहिमचाचा. उंच, वाकलेले, तळहात फळीसारखे. त्यांच्याशी माझं तोवर "बरं आहे ना?" एवढंच बोलणं झालेलं. शेवग्याखाली दोन खांब रोवून, त्यांवर फळी ठोकून त्यांनी होडीचं मशीन टांगलं होतं. वर इंजिन, मध्ये लांब पाय, खाली पंखा. होडीच्या मागच्या फळीला अडकवतात ते. रंग उडालेला, सांध्यासांध्यांत मिठाची पांढरी पूड. चाचा त्याच्या पायावर हातोडा घालत होते.

"चाचा, थांबा! तडा गेला तर हे जोडता येत नाही."

ते थांबले. माझ्याकडे वरपासून अनवाण्या पायांपर्यंत पाहिलं. "तुमाला ह्यातलं कळतं?"

"होडीचं नाही कळत. बोल्टचं कळतं."

"मंग या की आत," ते म्हणाले. "होडीचं मला कळतं."

त्यांना मशीनचा खालचा भाग काढायचा होता. ह्या खालच्या भागात पंख्याचे गिअर असतात आणि त्याच्यावर इंजिनाला थंड ठेवणारा पाण्याचा पंप. पंपातलं रबरी चाक वाळून तुटलं की इंजिन तापून बसतं. ते बदलायचं तर सगळा खालचा भाग उतरवावा लागतो. दरवर्षी बंदरावरचा मिस्त्री ते करायचा. चाचांनी छत्तीस वर्षं मशीन चालवलं, पण उघडलं कधी नव्हतं. शेवटच्या फेरीनंतर बायकोच्या आजारपणात ते गोड्या पाण्यानं धुवायचंही राहून गेलं, आणि आत राहिलेल्या खाऱ्या पाण्यानं दोन वर्षांत सगळे सांधे धरले.

"आता कशाला उघडायचंय?" मी विचारलं.

"दत्ताराम बोलावतो."

दत्ताराम त्यांचा भागीदार. होडी दत्तारामची, मशीन चाचांचं. खाडीच्या ह्या काठावरून त्या काठावर माणसं सोडायची, हा दोघांचा जन्माचा धंदा. चाचा इकडं आल्यापासून होडी काठावर उपडी पडली होती. दत्तारामचं म्हणणं, एक हंगाम अजून करू, मग दोघंही बसू घरी. अस्लमचं म्हणणं वेगळं होतं. तो वाईट मुलगा नव्हता. "बाई, ह्या वयात पाण्यावर पाठवू का मी अब्बांना?" त्यानं मला विचारलं. मग हळूच म्हणाला, "मशीन उघडलं तर जा, असं बोललोय मी. उघडत नाय ते."

म्हणजे त्या गंजलेल्या सांध्यावर एका म्हाताऱ्याचं जाणं-राहणं अडकलं होतं. मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. हे लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं ते मी न कळून केलं असं कुणाला वाटू नये.

आम्ही कामाला लागलो. माझी हत्यारांची पेटी आईच्या पलंगाखाली होती, ती काढली. बोल्टांच्या बुडाशी डिझेल आणि पातळ तेल थेंब थेंब सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी ब्लोलॅम्पनं आजूबाजूचा धातू गरम करायचा, पोळण्याइतकाच. मग निवू द्यायचं. मग बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके, आणि पाना लावून आधी आवळायच्या दिशेनं केसभर फिरवायचं. सोडवायच्या दिशेनं एकदम जोर केला की बोल्ट मधेच तुटतो.

"सोडायचा तर आवळायचा कशाला?" चाचा म्हणाले.

"त्याला वाटलं पाहिजे की आपण त्याच्या बाजूचे आहोत."

ते हसले. मला आठवतं, माझ्या बोलण्यावर कुणीतरी हसल्याला किती महिने झाले ते मी तेव्हा मनात मोजलं.

चार दिवसांत चार बोल्ट निघाले. प्रत्येक निघताना करकरायचा आणि त्याच्यामागून पांढरं पीठ सांडायचं. अस्लमची बायको रेहाना अकरा वाजता चहा आणून ठेवायची. दुपारी चाचा नमाजला आत जायचे, तेवढा वेळ मी शेवग्याच्या विरळ सावलीत बसून शेतांकडं बघायची. कापलेलं भात कडप्यांनी, मुठीमुठींच्या ओळींत पसरलेलं, बगळे मधूनमधून उभे. आईनंतर पहिल्यांदाच सकाळी उठायला कारण होतं. मी रात्री झोपताना उद्या कुठला पाना लागेल त्याचा विचार करत झोपायची. झोप लागायची.

दत्तारामचा फोन रोज यायचा. चाचांना कमी ऐकू येई, म्हणून फोन मोठ्या आवाजात लावलेला.

"काय रं इब्राहिम, उघडली?"

"नाय रं. बाई प्रयत्न करते."

"बाईला सांग, गिऱ्हाईक काठावर खोळंबलंय!"

आणि दोघं खदाखदा हसायचे. खाडीच्या काठावर तेव्हा काय असेल, वारा की ओहोटीचा चिखल, ते मला फोनमधून ऐकू यायचं असं वाटायचं.

चौथा बोल्ट निघाल्यावर गिअरची दांडी सोडवली आणि लाकडी हातोड्यानं ठोकलं. पुढच्या बाजूला तांदळाचा दाणा मावेल एवढी फट पडली. मागची बाजू जागची हलली नाही. मंगळवार होता तो. चाचा नमाजला गेले आणि मी तारेचा ब्रश घेऊन मागची बाजू साफ करत बसले. पुढून सुटतंय आणि मागून नाही, म्हणजे मागं अजून काहीतरी धरून आहे, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळेल. पंख्याच्या वर एक छोटी पातळ पट्टी असते, माशाच्या कल्ल्यासारखी. तिच्या मुळाशी मीठ आणि रंगाचे थर घट्ट बसले होते. ते खरवडले. पट्टी सैल झाली, बाजूला सरली, आणि तिच्याखालच्या भोकात, अंधारात, पाचव्या बोल्टचं डोकं दिसलं.

आतून रेहानानं भांडी घासायला घेतल्याचा आवाज येत होता. मी त्या बोल्टकडे बघत राहिले. हा निघाला की संपलं. दोन-तीन दिवसांत खालचा भाग हातात येईल, आठवड्यात रबरी चाक बसेल, आणि टेंपो दारात उभा राहील. शेवग्याखाली दोन खांब उरतील.

मी पट्टी होती तशी बसवली. डब्यातलं ग्रीस बोटावर घेतलं आणि ते सगळं झाकून टाकलं. वर थोडी मातीही लावली.

चाचा आले. "काय म्हनते?"

"तेल मुरू दे अजून," मी म्हटलं.

पुढचे आठ दिवस आम्ही तेल मुरवलं. रोज गरम केलं, निवू दिलं, ठोकलं. फट दाण्याएवढीच राहिली. खरं सांगायचं तर ते माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, आणि हेच मला सगळ्यांत जास्त लागतं. चाचा मला खाडीची भाषा शिकवायचे. अष्टमीच्या भांगाला पाणी कसं असतं, पुनवेच्या उधाणाला कसं, होडीत बसलेल्या नवख्या बाईला कुठं बघायला सांगायचं म्हणजे तिला मळमळणार नाही. "काठाकडं बघायचं. पान्याकडं नाय." मी त्यांना आईचं सांगितलं. शेवटच्या महिन्यात ती मला ओळखायची नाही, मला 'ताई' म्हणायची, आणि मी ताई होऊन तिला भरवायची. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते ऐकून चाचा हातातला पाना पुसायला लागले. "माझी बी शेवटी मला ओळखत नव्हती," ते म्हणाले. "होडीचा तांडेल समजायची. इचारायची, पल्याड कधी सोडनार?"

एवढं त्यांनी मला दिलं आणि मी तो बोल्ट झाकून बसले होते.

चाचा थकत चालले होते. उजवा खांदा दुखायचा. अस्लम संध्याकाळी येऊन मशीनकडं बघायचा आणि आत जायचा. पुढच्या बुधवारी सकाळी मी गेले, तर हत्यारं पुसून पेटीत नीट लावून ठेवलेली. चाचा शेवग्याच्या बुंध्याशी बसले होते, फोन कानाशी.

"नाय निगत रं दत्तू," ते म्हणत होते. "बाईनं लई केलं. नाय निगत. तू दुसरा कुनी बघ… नाय, राग कसला… भंगारवाला येतो रविवारी. अस्लमनं सांगितलंय त्याला."

 पलीकडून दत्ताराम म्हणाला, "बरं." इतकंच. फोन बंद झाला.

"चाचा," मी म्हटलं, "एक बोल्ट राहिलाय."

त्यांनी वर पाहिलं. मी मातीचा आणि ग्रीसचा थर बोटानं काढला, पट्टी सरकवली, दाखवला. ते गुडघ्यांवर बसून वाकून आत बघत राहिले.

"कधी दिसला?"

आत्ता, असं म्हणता आलं असतं. शब्द ओठावर होता.

"मागच्या मंगळवारी."

ते तसेच वाकलेले राहिले. समोरच्या शेतात कुणीतरी भारे मोजत होतं, एक, दोन, तीन. चाचा खांबाला हात लावून उठले.

"आठ दिस, बाई," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या वयाला आठ दिस म्हंजे काय, ते तुमाला कळाय पायजे हुतं. तुमी आईचं केलंय."

ते आत गेले. मला वाटलं आता बोलावणार नाहीत. मी पेटी उचलली, कुंपणापर्यंत आले, तेव्हा मागून हाक आली. "पाना ठेवा इथंच. कुठला लागतो तो दाखवा."

तो बोल्ट दोन दिवस झगडला. चाचा माझ्याशी फक्त हत्यारांपुरतं बोलत. "ब्लोलॅम्प." "तेल." "धरा." रेहानाचा चहा येई, तो आम्ही दोघं दोन दिशांना तोंड करून पीत होतो. शुक्रवारी दुपारी बोल्टनं केसभर हालचाल केली, मग अजून केसभर, आणि मग तो बाहेर आला, अर्धा खाल्लेला. त्यानंतरही वरच्या शाफ्टचे दाते इंजिनात अडकून होते. दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी एकसमान खोल ठोकत गेलो. एकीकडं जास्त झालं असतं तर कवच फुटलं असतं. डावी एक ठोका, उजवी एक ठोका. चाचा डावीकडं, मी उजवीकडं. एवढं मात्र न बोलता जमत होतं.

आणि अचानक सगळं वजन माझ्या मांडीवर आलं. त्याच्यामागोमाग आतलं पाणी ओतलं गेलं. काळसर पाणी, त्यात राखाडी चिखल, दोन वर्षं कोंडलेला. खालापूरच्या त्या अंगणात, भाताच्या वासात, एकदम खाडीचा उग्र, कुजका वास पसरला. रेहाना नाकाला पदर लावून दारात आली. चाचांनी माझ्या साडीवरचाच थोडा चिखल बोटावर घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मी हलले नाही. त्यांचं होईतोवर मांडीवर ते वजन घेऊन बसून राहिले.

अस्लमनं शब्द पाळला. रबरी चाक, सील त्यानंच मुंबईहून आणून दिलं. आम्ही बसवलं, पाण्याच्या पिंपात मशीनचा पाय बुडवून ते चालवून पाहिलं. खालचा भाग निघाल्यापासून अकराव्या दिवशी टेंपो आला. चाचा पुढच्या सीटवर बसले. माझ्याकडं न बघता "येतो" म्हणाले. दिवाळीला चार दिवस होते. शेतं तोवर मोकळी झाली होती आणि ओळीतली सगळी दारं पुन्हा उघडी होती, माणसांनी भरलेली, पेंढ्याची कुसळं अंगावर घेऊन हिंडणारी. मला त्या गर्दीत जास्तच एकटं वाटलं.

आता शेजारचं घर बंद आहे. अस्लम पनवेलला गेला. समोरच्या एका शेताला ह्या वर्षी कंपाउंड पडलं, तिथं भात लावलंच नाही. दत्ताराम नाही, आणि चाचाही गेल्या वर्षी गेले. अस्लमनं फोन करून कळवलं, हे त्याचे उपकार. त्या बोल्टविषयी त्याला कधीच कळलं नाही. चाचांनी सांगितलं नाही. का, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

मी एकदाच खाडीवर गेले होते, त्या कापणीनंतरच्या जानेवारीत. दोन एसटी बदलून दुपारी काठावर पोचले. भरतीचं पाणी पायऱ्यांना लागलं होतं. खालच्या पायरीवर एक म्हातारा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता, डावा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. पलीकडून होडी येत होती. मशीनचा आवाज एकसारखा होता. मागं चाचा उभे होते.

माणसं उतरली. चाचांनी मला ओळखलं. "पल्याड जायचंय?"

"नाही. तुम्हाला भेटायला आले."

"मंग बसा. परत आनून सोडतो."

होडीत आम्ही दोघंच होतो. खाडीच्या मध्यावर आल्यावर ते बोलले. मी विचारलं नव्हतं.

"मी पोचायच्या चार दिस आधी पडला दत्तू. अर्धं अंग गेलं. होडी रंगवून ठेवली हुती. मी आलो तवा हास्पिटलात."

मी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्यांनी तो माझ्या तोंडावर वाचला.

"व्हय," ते म्हणाले. "आठ दिस आधी आलो असतो, तर चार दिस मिळाले असते. दोघांना एका होडीत."

 माफ करा, एवढं तरी म्हणायला आले होते मी, दोन एसटी बदलून. तो शब्द तिथं फार छोटा होता. मी काठाकडं बघत राहिले.

पलीकडं कुणी चढलं नाही. आम्ही तसेच परत आलो. पायऱ्यांशी होडी लागताना खुर्चीतल्या दत्तारामनं सवयीनं दोर झेलायला उजवा हात पुढं केला, पण दोर त्याच्या बोटांतून निसटला. मी उडी मारून तो धरला आणि कड्याला बांधला. गाठ मला नीट येत नव्हती. दत्ताराम माझ्याकडं बघत होता. त्यानं तोंड वाकडं करत काहीतरी विचारलं. मला एक अक्षर कळलं नाही.

"इचारतो, ही कोन," चाचा म्हणाले. मग त्याच्याकडं वळून, त्याला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात बोलले, "ही बाई. मशीन उघडली ती!"

दत्तारामचा चेहरा उजळला. चांगला हात त्यानं कपाळाला लावला.

चाचांनी खाली वाकून माझी गाठ सोडवली आणि पुन्हा, नीट बांधली. बांधता बांधता, आता फक्त मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "उशिरा उघडली. पन तुमीच उघडली."